‘यक’ कुठं म्हणावं, कुठं गिळावं : बेळगाव-खानापूरहून नव्यानं इंग्रजीत शिरणाऱ्यांसाठी

येळ्ळूरची एक मुलगी दोन वर्षं माझ्याकडे संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला यायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. घरी मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दोन्ही. पुढं तिला बेंगळुरूला नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात दुपारच्या जेवणाला तिनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, दही आणि आईनं कुटून दिलेली कारळ्याची चटणी. ही चटणी काळीभोर असते आणि नीट कुटली की तेल सुटून चकाकते. टेबलापलीकडच्या मुलीनं डब्यात डोकावून नाक मुरडलं आणि म्हणाली, "यक!"

हिच्या कानांनी ऐकलं "याक". आपल्या भागातल्या कन्नडात "याक" म्हणजे "का?". पुस्तकात "याके" असतं, पण बेळगाव-धारवाडकडं बोलताना "याक"च. हिला वाटलं, ही विचारतेय, असलं का आणलंस. म्हणून हिनं सरळ मनानं उत्तर दिलं, "नम्म अव्वा माड्याळ." माझ्या आईनं केलंय.

टेबलावरचे सगळे हसले. ते का हसले, हे तिला रात्री खोलीतल्या मैत्रिणीनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चटणीची बरणी खोलीवरच राहू लागली.

गणपतीला गावी आली तेव्हा ती मला म्हणाली, "बाई, हा शब्द तुम्ही आम्हाला शिकवलाच नाही." खरं होतं. मुलाखत शिकवली, अर्ज शिकवला, फोनवर कसं बोलायचं ते शिकवलं. हा दोन अक्षरी शब्द राहिला. तो शब्दकोशात बघून कळण्यासारखा नाही, कारण तिथं "किळस दाखवणारा उद्गार" एवढंच मिळतं. तो कोण कुणाला म्हणतं, किती लागतो, कुठं चालतो, हे सगळं बाहेर राहतं. तेच इथं पायरीपायरीनं सांगते.

पहिली पायरी : कान आणि जीभ

स्पेलिंग वाय-यू-सी-के. ब्रिटिश छापील मजकुरात सी गाळून वाय-यू-के असंही दिसतं. उच्चार ‘लक’, ‘कप’, ‘बस’ यांच्यातल्या ‘अ’सारखा, आखूड : यक्. शेवटचा क तिथल्या तिथं तोडायचा.

आपल्याकडं यात तीन चुका होतात. पहिली, ‘याक’ म्हणणं. त्याचा घोटाळा वर सांगितलाच. दुसरी, ‘यॅक’ म्हणणं. मराठी घरांत मुलं सर्रास ‘यॅक’ म्हणतात, पण इंग्रजी कानाला तो हिमालयातला केसाळ बैल वाटतो. तिसरी चूक कन्नड वळणाची. जसं ‘बस्सु’, ‘कारु’, तसं शेवटी उकार लावून ‘यक्कु’. ज्यांचं शिक्षण कन्नड शाळेत झालंय त्यांनी याकडं जास्त लक्ष द्यावं. आरशासमोर उभं राहून ‘लक, डक, यक’ असं दहादा म्हणा, क नंतर ओठ गोल होऊ देऊ नका.

लांबवायचा असेल तर मधला अ लांबवतात, ‘यऽऽक’. जितका लांब, तितकी किळस जास्त आणि तितकाच बालिशपणाही जास्त.

दुसरी पायरी : हा शब्द पोटातून येतो

मराठीत लहान मूल नको असलेला घास बाहेर काढताना ‘व्याक्’ करतं. तोंड उघडतं, जीभ पुढं येते, घशाशी आवाज अडतो. ‘यक’ हा त्याच आवाजाची नक्कल आहे. छापील इंग्रजीत तो १९६०च्या दशकापासून दिसतो, म्हणजे शब्द तसा तरुण आहे. पण तो चेहरा फार जुना. नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये बीभत्स आहे आणि त्याचा स्थायीभाव जुगुप्सा. नाक आकसणं, तोंड फिरवणं, अंग आवळून घेणं हे नटाला तेव्हापासून शिकवत आलेत. इंग्रजीत किळसेला ‘डिस्गस्ट’ म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली ‘चव’ आहे. म्हणजे जुगुप्सा तिथंही आधी जिभेचीच.

म्हणून ‘यक’ शोभतो तो अंगाला जाणवणाऱ्या गोष्टींना. नासलेलं दूध, पावसाळ्यात ओल्या मोज्यांना येणारा वास, बेसिनच्या जाळीत अडकलेले केस, फरशीवर चिरडलेलं झुरळ. कुणी लाच खाल्ली, कुणी म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढलं, अशा वेळी ‘यक’ म्हणाल तर ते पोरकट वाटेल. तिथं ‘डिस्गस्टिंग’ किंवा ‘शेमफुल’ लागतो. मराठीत आपण ‘शी!’ दोन्हीकडं वापरतो, गटाराला आणि माणसाच्या नीच वागण्यालाही. ‘यक’ला ती दुसरी बाजू जवळजवळ नाही. हा फरक एकदा मनात बसला की निम्मं काम झालं.

तिसरी पायरी : आपल्या शब्दांशी जोड्या लावा, पण जपून

वर्गात मी फळ्यावर आधी आपलेच शब्द लिहून घेते. मुलं भराभर सांगतात : शी, ईऽऽ, छी, छ्या, थू, व्याक्. कन्नडवाले भर घालतात : छी, थू, होलसु (घाण), हेसिगे (किळस), असह्य. मग आम्ही एकेकाचं वजन करतो.

‘ईऽऽ’ची जोडी ‘यक’शी लागत नाही, ती लागते ‘इऽयू’ या उद्गाराशी, ज्याचं स्पेलिंग ई-डब्ल्यू. दोन्ही दातांमागून निघतात, दोन्हीत थोडी शिरशिरी आहे. पाल अंगावर पडली की ‘ईऽऽ’ आणि ‘इऽयू’. ‘व्याक्’ आणि ‘यक’ घशातले, चवीचे आणि वासाचे. बोलणारे हे दोन्ही एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळं चुकलात तरी कुणी अडवणार नाही.

‘छ्या’ वेगळा. त्यात किळस नसून नकार आणि वैताग आहे : "छ्या, आज पण बस चुकली." त्याला इंग्रजीत ‘अग्’ जवळचा, यू-जी-एच. सोमवारचं काम, संपत न येणारा फॉर्म, तिसऱ्यांदा आलेला तोच फोन, सगळ्याला ‘अग्’ चालतं. ‘यक’ तिथं बसत नाही.

‘थू’ तर कुठंच लावू नका. थू म्हणजे तोंडावर थुंकणं. ‘यक’मध्ये तेवढं विष नाही.

आता ‘असह्य’. हा शब्द आपल्या भागातल्या मुलांना हमखास फसवतो. मराठीत असह्य म्हणजे सहन न होणारं : असह्य ऊन, असह्य वेदना. कन्नडात बोलताना ‘असह्य’ म्हणजे चक्क किळसवाणं. खानापूरची मराठी मुलगी आणि गोकाकची कन्नड मुलगी शेजारी बसून हाच शब्द उच्चारतात आणि दोघींच्या मनात वेगळं चित्र असतं. इंग्रजी करताना मराठी असह्य ‘अनबेअरेबल’ होतं, कन्नड असह्य ‘डिस्गस्टिंग’ होतं. आपण कुठल्या भाषेतून विचार करतोय, हे आधी स्वतःला विचारावं. दोन भाषा येणाऱ्याला हा एक प्रश्न जास्तीचा असतो, आणि मला तो ओझं वाटत नाही. असली पारख एकाच भाषेत वाढलेल्यांना मुद्दाम शिकावी लागते.

चौथी पायरी : वाक्यात कसा बसवायचा

सगळ्यात सोपं म्हणजे एकटा सोडायचा : "यक!" किंवा वाक्याच्या तोंडाशी ठेवून मागं कारण द्यायचं : "यक, धिस मिल्क हॅज गॉन ऑफ." दूध नासलंय. ‘गॉन ऑफ’ हा वाक्प्रयोग लिहून ठेवा, नासलेल्या अन्नाला इंग्रजीत तो फार चालतो.

विशेषण हवं असेल तर ‘यकी’. "द फ्लोर वॉज यकी." तुलना करताना ‘यकिअर’, ‘यकिएस्ट’. अंगात कसंतरी होतंय, ताप येईलसं वाटतंय, तरी "आय फील यकी" म्हणतात. नाम म्हणूनही चालतो : बुटाला काही घाण लागली तर "देअर्स सम यक ऑन माय शू". आजकाल मुलं "इट्स सो यक" असंही म्हणतात. मित्रांत म्हणा, परीक्षेच्या पेपरात लिहू नका.

इथं एक चूक सांगते, तिचा ‘यक’शी थेट संबंध नाही, पण ती लाजेत टाकते. मराठीत आपण म्हणतो "मला किळस आली". त्याचं इंग्रजी करताना मुलं "आय ॲम डिस्गस्टिंग" म्हणून मोकळी होतात. त्याचा अर्थ "मी किळसवाणा आहे". हवं असतं ते "आय ॲम डिस्गस्टेड". ‘-इंग’वाला शब्द किळस आणणाऱ्या वस्तूला, ‘-एड’वाला ती ज्याला येते त्याला. हेच ‘बोरिंग’ आणि ‘बोर्ड’चं. मराठीत किळस ‘येते’, बाहेरून चालत येते, आपण नुसते ‘मला’ म्हणून उभे असतो. इंग्रजीत माणूस वाक्याच्या तोंडाशी कर्ता होऊन बसतो, म्हणून घोळ होतो. भीती वाटत असेल तर वस्तूवर टाका : "इट स्मेल्स डिस्गस्टिंग." चुकण्याची शक्यताच उरत नाही.

मधल्यामधे : भावंडं ओळखून ठेवा

‘इक’ आणि ‘इकी’ म्हणजे चिकट, ओशट, लिबलिबीत किळस. तरुण मंडळी अलीकडं "आय गॉट द इक" म्हणतात, म्हणजे आवडत असलेल्या माणसाची एखादी सवय दिसली आणि मन एकाएकी उतरलं. मराठीत याला ‘मनातून उतरणं’ आहेच.

‘फ्यू’ सुटकेचा निःश्वास आहे. वासाला नाक धरूनही म्हणतात, पण ऐकणारा बहुधा "हुश्श" असाच अर्थ घेईल.

‘ग्रोस’चं मात्र थांबून बघण्यासारखं आहे. आपण ‘ग्रॉस सॅलरी’ म्हणतो, पण उच्चार ‘डोस’शी जुळणारा, ग्रोस. मूळ अर्थ जाड, मोठा, ठोक. बेळगावच्या खडे बाजारातल्या जुन्या व्यापाऱ्याला विचारा, बटणांचा एक ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४ नग. घाऊक माल विकणारा तो ‘ग्रोसर’, शब्द त्याच घरातला. या जाड्याभरड्या शब्दाला अमेरिकेतल्या कॉलेजांत १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘किळसवाणं’ हा अर्थ चिकटला. म्हणून पगाराच्या कागदावर ‘ग्रोस’ आनंदाचा आणि हॉस्टेलच्या भाजीवर ‘ग्रोस’ तक्रारीचा. ‘यक’पेक्षा हा थोडा मोठ्या वयाचा शब्द आहे.

पाचवी पायरी : कुठं गिळायचा

घरात, भावंडांत, जिवलग मित्रांत, लहान मुलांशी बोलताना ‘यक’ मोकळेपणानं वापरा. ऑफिसातल्या ईमेलमध्ये, मुलाखतीत, ग्राहकाच्या फोनवर तो तोंडातून निघू देऊ नका. हे सांगितल्यावर कुणालाही पटतं, त्यामुळं त्यावर वेळ घालवत नाही.

माझा जीव अडकतो तो दोन जागांवर.

पहिली जागा रुग्णाची खाट. बेळगावात नर्सिंग शिकणारी कितीतरी मुलं आहेत, माझ्याकडेही येतात, आणि पुढं त्यांतली बरीच इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांमध्ये काम करतात. रुग्णाला उलटी झाली, अंथरूण ओलं झालं, जखमेतून पू आला, तर चेहरा आकसणार. तो शरीराचा धर्म आहे. पण शब्द आपल्या हातात असतो. "यक" ऐकलेला रुग्ण दुसऱ्यांदा बेल दाबताना कचरतो, आणि त्या कचरण्यात त्याचं दुखणं वाढतं. त्या क्षणासाठी एक वाक्य जिभेवर तयार असावं, म्हणजे ‘यक’ला जागाच राहत नाही : "डोन्ट वरी, लेट मी क्लीन धिस अप फॉर यू." वर्गात मी हे वाक्य घोटून घेते, नाक धरून, डोळे मिटून, झोपेतून उठल्यासारखं, कसंही. घाई असते तेव्हा घोटलेलंच तोंडात येतं.

दुसरी जागा दुसऱ्याचं ताट.

आपला भाग असा आहे की एका बाकावर चार डबे उघडले तर चार घरं दिसतात. एकात सुकट, एकात भरल्या वांग्याचं एण्णगाई, एकात नुसतं वरणभात-लिंबू, एकात बिर्याणी. इथं वाढलेलं मूल बहुधा न सांगता शिकतं की आवडलं नाही तर गप्प राहायचं, फार तर "मी नाही खात" म्हणायचं. पण इंग्रजी शब्द हाती आला की तो हलका वाटतो. आपल्या भाषेत आपण ज्याच्या डब्याला ‘शी’ म्हणणार नाही, त्यालाच ‘यक’ म्हणून जातो, कारण परक्या शब्दाचं वजन आपल्या जिभेला कळत नाही. ज्याच्या आईनं तो डबा भरला, त्याला ते पुरेपूर कळतं.

चार्ल्स डार्विन यांनी चेहऱ्यावरच्या भावांबद्दल १८७२ साली जे लिहिलं त्यात एक प्रसंग आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगोमध्ये, ते थंड, टिकवलेलं मांस खात होते. तिथल्या एका रहिवाशानं बोट लावून बघितलं आणि त्या मऊपणाची त्याला स्पष्ट किळस आली. डार्विन प्रामाणिकपणे पुढं लिहितात की त्या माणसाचे हात घाण दिसत नव्हते, तरी त्यानं हात लावलेल्या अन्नाची आपल्याला किळस आली. एकच मांस, किळस दोन्ही बाजूंनी, कारणं अगदी निराळी. मी हा प्रसंग दरवर्षी सांगते, आणि मग मुलांना आपापल्या घरातला असा एक पदार्थ सांगायला लावते जो बाहेरच्याला दाखवायला संकोच वाटतो. पहिल्यांदा कुणी बोलत नाही. मग एकजण सुरू करतो आणि वेळ पुरत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या घरांत आणि बालवाड्यांत यासाठीच एक वाक्य शिकवतात : "डोन्ट यक माय यम." ‘यम’ म्हणजे आपलं ‘मम्मं’ किंवा ‘आहाहा’. मला जे गोड लागतं त्याला तू यक म्हणू नकोस. इथं ‘यक’ क्रियापद झालाय, हे व्याकरणवाल्यांनी टिपून घ्यावं.

मग न आवडल्यास काय म्हणायचं?

नको असेल तर : "नो थँक्स, आय ॲम फुल." पोट भरलंय.

चव घेतली आणि रुचली नाही तर : "इट्स नॉट फॉर मी." यात दोष पदार्थाचा नाही, आवड आपली.

माहिती नसलेलं दिसलं तर : "व्हॉट इज इट? हाउ इज इट मेड?" हे विचारताना आवाज खाली ठेवा. हाच प्रश्न नाक वर करून विचारला की ‘यक’च होतो.

हॉटेलात खरोखर खराब अन्न आलं तर गप्प बसू नका. "एक्सक्यूज मी, आय थिंक धिस हॅज गॉन ऑफ. इट डझन्ट स्मेल राइट." एवढ्यावर वेटर ताट उचलतो.

सहावी पायरी : कुणी तुम्हाला म्हणालं तर

आधी हे बघा की कोण म्हणालं आणि कशाला म्हणालं. बेंगळुरूतली चार वर्षांची भाची तुमच्या हातच्या पिठल्याला ‘यक’ म्हणाली, तर तिला शब्द नवीन मिळालाय, ती तो सगळ्यावर लावून बघतेय. तिला ‘नॉट फॉर मी’ शिकवा. मुलं पटकन उचलतात. मोठं माणूस मोबाईलवरच्या फोटोला किंवा पावसात भिजलेल्या बुटांना म्हणत असेल, तर तुमच्याशी संबंध नाही, मनाला लावून घेऊ नका.

आणि तुमच्या डब्यालाच म्हणालं तर त्याचं नाव सांगा. वस्तूला नाव मिळालं की ती ‘काळं काहीतरी’ राहत नाही. कारळ्यांना इंग्रजीत ‘नायजर सीड’ म्हणतात, कन्नडात गुरेळ्ळु. येळ्ळूरच्या त्या मुलीसोबत बसून आम्ही तीन वाक्यं तयार केली. "इट्स नायजर सीड चटणी. वी रोस्ट द सीड्स अँड पाउंड देम विथ गार्लिक अँड रेड चिली. ट्राय इट विथ कर्ड." ‘पाउंड’ म्हणजे कुटणं. हा अर्थ तिला नवा होता, तिला पाउंड फक्त पैशांतला माहीत होता. वाक्यं तिनं वहीत लिहिली, दोनदा म्हणून दाखवली, दुसऱ्यांदा म्हणताना ‘कर्ड’चा उच्चार स्वतःच सुधारला.

गणपती विसर्जनानंतर ती परत गेली. जाताना पिशवीत बरणी होती, आईनं झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घट्ट बांधून दिला होता, तेल गळू नये म्हणून. पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला : "बाई, चटणी संपली. त्या मुलीला पण पाहिजे म्हणते. आईला अर्धा किलो कारळं आणायला सांगाल का?"